फोन गप्प करायचाय पण कामाचं काही सुटायला नको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एवढंच सांगते की मेनूची नावं कंपनी आणि व्हर्जननुसार थोडी इकडेतिकडे असतात. एखादं सेटिंग जागेवर सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये वर शोधायची पट्टी असते तिथे नाव टाका, ते मेनू खणत बसण्यापेक्षा कधीही लवकर होतं. फोन मराठीत वापरत असाल तर अँड्रॉइडवर डू नॉट डिस्टर्ब हे 'व्यत्यय आणू नका' या नावाने दिसेल.

माझा फोन कायम सायलेंटवरच असतो की, मग अजून काय करायचं?

सायलेंटने फक्त आवाज जातो. स्क्रीन उजळायची ती उजळतेच, वरून बॅनर खाली यायचा तो येतोच, आयकॉनवर लाल आकडा बसायचा तो बसतोच. व्हायब्रेटवर असेल तर टेबलावर ठेवलेला फोन घुर्र करून अख्खं टेबल हलवतो, त्यापेक्षा रिंगटोन बरी म्हणायची वेळ येते.

डू नॉट डिस्टर्ब, थोडक्यात डीएनडी, ही वेगळी गोष्ट आहे. त्यात तुम्ही नियम ठरवता, म्हणजे कोणाचा फोन वाजू दे, कोणतं ॲप आत येऊ दे आणि बाकी सगळं गपचूप यादीत जाऊन पडू दे. पण अँड्रॉइडवर इथे एक गोची आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. डीएनडी लावलं की मूळ सेटिंगप्रमाणे फक्त आवाज आणि व्हायब्रेशन थांबतं, नोटिफिकेशन स्क्रीनवर दिसतच राहतं. तेही नको असेल तर डीएनडीच्या आतच लपवलेल्या नोटिफिकेशन्सचा एक पर्याय असतो, तिथे 'आवाजही नको, दिसायलाही नको' असं निवडावं लागतं. सॅमसंगमध्ये हेच 'हाइड नोटिफिकेशन्स' या नावाने आहे. आयफोनवर फोन लॉक असताना डीएनडीमध्ये अडवलेलं नोटिफिकेशन स्क्रीन उजळवत नाही, ते थेट नोटिफिकेशन सेंटरमध्ये जातं.

म्हणजे डीएनडी लावलं की काम झालं?

नाही, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. डीएनडी लावतात, दोन दिवसांत एखादा महत्त्वाचा फोन चुकतो, मग 'हे आपल्याला नाही जमत' म्हणून बंद करतात आणि फोन परत आधीसारखा कोकलायला लागतो. माझं म्हणणं असं की डीएनडी शेवटी लावा. त्याच्या आधी साफसफाई करा, नाहीतर कचरा सतरंजीखाली सारल्यासारखं होतं, डीएनडी काढलं की सगळा परत अंगावर.

साफसफाई करताना प्रत्येक नोटिफिकेशनला एकच प्रश्न विचारायचा, पलीकडे कोणी माणूस माझ्या उत्तराची वाट बघतोय का? बघत असेल तर त्याला आवाज असू दे. माणूस नाही पण माहिती कामाची आहे, म्हणजे पैसे कापले गेले, पार्सल निघालं, मीटिंग दहा मिनिटांत आहे, तर ती गुपचूप येऊ दे किंवा फार तर एकदा वाजू दे. आणि माणूसही नाही आणि कामही नाही, नुसतं 'तुम्ही बरेच दिवस आला नाहीत' किंवा 'यांनी नवीन फोटो टाकला' असलं काही असेल तर ते बंदच. बंद म्हणजे म्यूट नाही हं, पूर्ण बंद.

पण फोनमध्ये शंभरेक ॲप्स आहेत, एकेक करत बसू का?

अजिबात नाही. त्रास देणारी ॲप्स मोजकीच असतात, फक्त ती पकडायची कशी हे माहीत पाहिजे.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज > नोटिफिकेशन्स > ॲप नोटिफिकेशन्स इथे गेलात की बऱ्याच फोनमध्ये वर एक क्रम बदलायचं बटण असतं, तिथे 'सगळ्यात जास्त वेळा पाठवणारी' असा क्रम लावा, चोर आपोआप वर येतात. सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग नावाचा फोनच्या वापराचा हिशोब ठेवणारा भाग असतो, त्यातही डॅशबोर्ड आहे, त्यात स्क्रीन टाइमऐवजी नोटिफिकेशन्सचा आकडा निवडला की कोणत्या ॲपने दिवसभरात किती पाठवली ते दिसतं. आयफोनवर सेटिंग्ज > स्क्रीन टाइममध्ये सगळी ॲक्टिव्हिटी उघडा आणि पार खालपर्यंत जा, तिथे नोटिफिकेशन्सचा तक्ता असतो. हा आकडा एकदा नक्की बघा. आपल्याला वाटत असतं की सगळा त्रास चॅटचा आहे आणि वर बसलेलं असतं भलतंच, एखादं शॉपिंगचं नाहीतर गेमचं ॲप, जे आपण कधीतरी एकदा उघडून विसरून गेलो.

हे वरचे सातआठ निपटले की बाकीच्यांसाठी वेगळं बसायची गरज नाही. नोटिफिकेशन येईल तेव्हा तिथल्या तिथे निकाल लावायचा. अँड्रॉइडवर त्यावर बोट दाबून धरा, सायलेंट करायचं की बंद करायचं ते विचारतो. आयफोनवर डावीकडे सरकवून ऑप्शन्समध्ये गेलात की एक तास गप्प, आजच्यापुरतं गप्प किंवा पूर्ण बंद असे पर्याय मिळतात. नुसतं सरकवून उडवायची सवय मोडा, कारण उडवलेलं उद्या परत येतं आणि बंद केलेलं येत नाही.

एकाच ॲपमधून ऑर्डरची माहितीही येते आणि ऑफर्सचा भडिमारही होतो. ऑफर्स तेवढ्या बंद होतील का?

अँड्रॉइडवर बहुतेक वेळा होतात. २०१७ ला अँड्रॉइड ८ आलं तेव्हापासून ॲपला नोटिफिकेशन्स वेगवेगळ्या गटांत वाटून द्यावी लागतात, त्यांना कॅटेगरी किंवा चॅनेल म्हणतात. ॲपच्या नोटिफिकेशनच्या पानावर गेलात की खाली यादी दिसते, ऑर्डर अपडेट्स, प्रमोशन्स, रिमाइंडर्स वगैरे, प्रत्येकासमोर वेगळं बटण. प्रमोशन्स बंद, ऑर्डर चालू, विषय संपला.

सॅमसंगवाल्यांनो, तुम्हाला ही यादी दिसत नसेल तर फोन खराब नाहीये. वन यूआय, म्हणजे सॅमसंगची स्वतःची अँड्रॉइडची आवृत्ती, तिच्या ६.१ पासून ही यादी मुळात लपवलेली असते. सेटिंग्ज > नोटिफिकेशन्स > ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'प्रत्येक ॲपच्या नोटिफिकेशन कॅटेगरी मॅनेज करा' असं बटण आहे ते चालू करा, मग दिसेल. इतकी कामाची गोष्ट इतक्या आत कोणी आणि का टाकली देव जाणे.

काही ॲप्स मात्र चलाखी करतात, सगळं एकाच गटात कोंबतात आणि त्याला 'जनरल' असं साळसूद नाव देतात, म्हणजे ऑफर बंद करायला गेलात तर ऑर्डरही जाते. अशा वेळी ॲप उघडून त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये बघा. आयफोनवर तर हाच मार्ग, कारण तिथे सिस्टिमकडून असे गट मिळत नाहीत. ॲपच्या आतही सोय नसेल तर माझा सरळ हिशोब आहे, पूर्ण बंद करते, ऑर्डर कुठे आली ते बघायला दिवसातून एकदा ॲप उघडणं परवडतं.

ओटीपी आणि बँकेचे मेसेज सुटले तर?

ओटीपी आपण मागितल्यावर येतो, म्हणजे त्या वेळी फोन आपल्या हातातच असतो. त्याला आवाज असो नसो काही फरक पडत नाही, मेसेज आलेला असतोच. खरी काळजी करायची ती न मागता आलेल्या ओटीपीची आणि आपण न केलेल्या व्यवहाराची. म्हणून बँकेचं ॲप आणि एसएमएस पूर्ण बंद करू नका, फक्त बँकेच्या ॲपमधलं कर्ज, कार्ड, विमा यांचं मार्केटिंग तेवढं उडवा. आयफोनवर अशा तातडीच्या नोटिफिकेशन्ससाठी टाइम सेन्सिटिव्ह असा प्रकार आहे, ज्या ॲपला ती परवानगी दिली त्याची तातडीची नोटिफिकेशन्स फोकसमधूनही (आयफोनवर डीएनडी आता याच नावाखाली येतं) आत सोडता येतात. पण ती कोणाला देताय ते बघून द्या, 'ऑफर संपायला एकच तास' हेही कोणाला तरी टाइम सेन्सिटिव्हच वाटत असतं.

रात्री डीएनडी लावलं आणि घरी काही इमर्जन्सी झाली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रास्त आहे, याच भीतीने लोक रात्रभर फोन उशाशी वाजत ठेवतात. यावर तीन बंदोबस्त आहेत आणि तिन्ही करून ठेवा.

पहिला, अपवादाची यादी. अँड्रॉइडवर डीएनडीमध्ये कॉल्ससाठी 'स्टार केलेले कॉन्टॅक्ट्स' निवडा आणि मग कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन आई, बाबा, नवरा, बायको, मुलं, शेजारी, ज्याला कोणाला रात्री तीन वाजता फोन करायचा हक्क आहे त्याला स्टार द्या. यादी छोटी ठेवा, पाचपन्नास लोकांना स्टार दिलात तर त्याला अर्थ नाही. आयफोनवर फोकसमध्ये पीपलमध्ये जाऊन हेच करता येतं.

दुसरा, पुन्हा आलेला कॉल. एकाच नंबरवरून लागोपाठ दुसरा कॉल आला तर तो डीएनडी तोडून वाजतो. अँड्रॉइडवर दुसरा कॉल १५ मिनिटांच्या आत यायला लागतो, आयफोनवर ३ मिनिटांच्या आत. हे चालू आहे ना ते तपासा, कारण हॉस्पिटलमधून किंवा अनोळखी नंबरवरून खरंच गरजेचा फोन आला तर तुमची स्टारवाली यादी काही कामाची नाही, तिथे हेच उपयोगी पडतं.

तिसरा फक्त आयफोनवर आहे. कॉन्टॅक्ट एडिट करा, रिंगटोनमध्ये जा, तिथे इमर्जन्सी बायपास असं बटण दिसेल. ते चालू केलं की त्या माणसाचा फोन सायलेंट असो की फोकस, वाजणार म्हणजे वाजणार. घरातल्या वयस्कर माणसाला द्या, प्रत्येक गोष्टीला फोन करणाऱ्या मित्राला देऊ नका.

आणि हे सगळं केल्यावर घरच्यांना एक वाक्य सांगून ठेवा, तातडीचं असेल तर व्हॉट्सॲप कॉल नको, साधा फोन करा आणि उचलला नाही तर लगेच परत करा. इंटरनेट कॉलवर हे नियम प्रत्येक फोनवर सारखेच चालतील याची खात्री देता येत नाही, साध्या कॉलवर चालतात.

अलार्म वाजेल ना?

वाजेल. आयफोनचा क्लॉकमधला अलार्म सायलेंट आणि फोकस दोन्हींत वाजतो, फक्त रिंगरचा व्हॉल्यूमच खाली ओढलेला नाही ना ते बघा. अँड्रॉइडवर डीएनडीच्या अपवादांत अलार्म्स असं बटण असतं, ते चालू ठेवा, आणि अलार्मचा व्हॉल्यूम रिंगटोनपेक्षा वेगळा असतो तोही एकदा तपासा. नवीन सेटिंग लावल्यावर पहिल्यांदा दुपारी पाच मिनिटांनंतरचा अलार्म लावून खात्री करून घ्या, सकाळी कळण्यापेक्षा बरं.

व्हॉट्सॲपच्या ग्रुप्सचं काय करू? सोडता येत नाहीत.

सोडू नका, म्यूट करा आणि 'ऑलवेज' निवडा. आठ तास आणि एक आठवडा हे पर्यायही असतात पण ते म्हणजे दर आठवड्याला तोच निर्णय परत घ्यायचा. म्यूट केलेलं कोणाला कळत नाही, हे मुद्दाम सांगते कारण कितीतरी जण केवळ या संकोचापायी ग्रुप वाजू देतात.

म्यूट केल्यावर पुढची पायरी म्हणजे आर्काइव्ह. नुसतं म्यूट केलं तर आवाज जातो पण नवीन मेसेज आला की ग्रुप यादीत वर येतो, न वाचलेल्यांचा आकडा दिसतो आणि बोट आपोआप तिकडे जातं. आर्काइव्ह केलेला ग्रुप नवीन मेसेज आले तरी आर्काइव्हमध्येच पडून राहतो, फक्त चॅट सेटिंग्जमधलं 'आर्काइव्ह तसंच ठेवा' हे बटण चालू पाहिजे. आणि कोणी तुम्हाला नावाने टॅग केलं किंवा तुमच्याच मेसेजला उत्तर दिलं तर म्यूट ग्रुपमधूनही कळतं, त्यामुळे 'माझ्यासाठी काही असलं तर सुटेल' ही भीतीही फारशी उरत नाही.

शिवाय व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज > नोटिफिकेशन्समध्ये रिॲक्शनची नोटिफिकेशन्स वेगळी बंद होतात. कोणीतरी आपल्या मेसेजला अंगठा दाखवला हे कळायला फोन वाजायची खरंच गरज आहे का? आणि एक करून बघा, ग्रुप्सचा आवाज 'नन' करा आणि पर्सनल मेसेजचा ठेवा, दोन्हींचे टोन सेटिंग्जमध्ये वेगवेगळे असतात. हे केलं की फोन वाजला म्हणजे कोणीतरी माणूस तुमच्याशीच बोलतोय हे न बघताही कळतं.

आवाज बंद केला, सगळं म्यूट केलं, तरी मी दर थोड्या वेळाने फोन उचलून बघतोच. का?

कारण आवाज हा त्रासाचा एकच भाग आहे. २०१५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला होता, त्यात लोकांना लक्ष लागणारं एक काम दिलं आणि मधेच त्यांच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवले. लोकांनी फोनला हातही लावला नाही तरी त्यांच्या चुका वाढल्या. काहीतरी आलंय एवढं कळलं की डोकं तिकडे जातं, वाचायची गरजच नसते.

म्हणून जे जे 'काहीतरी आलंय' असं ओरडून सांगतं ते काढायचं. सगळ्यात आधी आयकॉनवरचा तो लाल आकडा. आयफोनवर प्रत्येक ॲपच्या नोटिफिकेशनमध्ये बॅजेस बंद करता येतात, अँड्रॉइडवर नोटिफिकेशन डॉट असं सेटिंग आहे ते एकदम सगळ्यांसाठी बंद होतं. मग लॉक स्क्रीन. फोन वाचनाच्या पुस्तकाशेजारी उताणा पडलेला असतो, एक ओळ वाचून होते न होते तोच कडेला काळ्या काचेवर उजेड पडतो, नजर जाते, नाव दिसतं, अर्ध वाक्य दिसतं, आणि उरलेलं अर्ध वाक्य बघितल्याशिवाय आता चैन पडणार नसतं. ते अर्ध वाक्यच दिसू नये असं करता येतं. आयफोनवर शो प्रिव्ह्यूज 'नेव्हर' करा, अँड्रॉइडवर लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवा किंवा नोटिफिकेशन्सच दाखवू नका. ऑलवेज ऑन डिस्प्ले असेल तर तोही एकदा बंद करून बघा. अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत सायलेंट नोटिफिकेशन्सचे बारके आयकॉन साठतात, तेही लपवायचं सेटिंग नोटिफिकेशन्समध्येच आहे.

आणि स्क्रीन कृष्णधवल करणं हा उपाय ऐकायला विचित्र वाटतो पण काही जणांना फार लागू पडतो, कारण रंगच गेले की रील्समध्ये रस उरत नाही. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी > डिस्प्ले आणि टेक्स्ट साइज > कलर फिल्टर्स > ग्रेस्केल. साइड बटण तीनदा दाबलं की चालूबंद होईल असंही ठेवता येतं, फोटो बघायचे असतील तेव्हा रंग परत आणता येतात. अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंगमधल्या बेडटाइम मोडमध्ये हे असतं.

आयफोनमधले फोकस मोड इतके का आहेत? सगळे वापरायचे?

दोन पुरे. एक कामाचा, एक झोपेचा. डीएनडी २०१२ मध्ये आयओएस ६ सोबत आलं आणि २०२१ मध्ये आयओएस १५ ला त्याचं फोकस झालं, तेव्हापासून वाचन, गेमिंग, ड्रायव्हिंग, फिटनेस अशी रांगच लागली आहे. पाच मोड बनवून ठेवणारे लोक महिन्याभरात एकही लावत नाहीत असं माझं निरीक्षण आहे. हाताने लावायचा मोड लावायचा राहतोच, त्यामुळे वेळ ठरवून द्या, कामाचा ठराविक वाजता आपोआप चालू आणि आपोआप बंद.

कामाच्या फोकसमध्ये एक छान सोय आहे, त्याला वेगळी होम स्क्रीन जोडता येते. म्हणजे फोकस चालू असेपर्यंत समोर फक्त कामाच्या ॲप्सचं पान दिसतं, बाकी पानं गायब. ॲप फोनमध्येच असतं, पण शोधून उघडावं लागतं आणि तेवढ्यात आपण कशाला उघडतोय हे आठवायला वेळ मिळतो.

एक लक्षात ठेवा, फोकस एका ॲपल अकाउंटवरच्या सगळ्या उपकरणांवर एकदम लागतो. फोनवर लावला की आयपॅडवर आणि मॅकवरही लागला. ते नको असेल तर फोकसमध्येच 'शेअर अक्रॉस डिव्हायसेस' बंद करा. आयपॅड घरात मुलं वापरत असतील तर हे नक्की बघा, नाहीतर 'याला मेसेज का येत नाहीत' म्हणून तासभर शोधाशोध होईल.

अँड्रॉइडवर असं काही आहे का?

आहे, फक्त विखुरलेलं आहे. डिजिटल वेलबीइंगमध्ये फोकस मोड असतो, त्यात लक्ष खाणारी ॲप्स निवडायची, मोड चालू असेपर्यंत ती करडी होतात, उघडत नाहीत आणि त्यांची नोटिफिकेशन्सही येत नाहीत. अगदीच राहवलं नाही तर थोड्या वेळाची सुट्टी घेता येते. बेडटाइम मोड झोपेच्या वेळी डीएनडी आणि कृष्णधवल स्क्रीन एकत्र लावतो. सॅमसंगवर मोड्स आणि रूटीन्स आहे, ते आयफोनच्या फोकसच्या सगळ्यात जवळचं, वेळ, जागा किंवा वायफायनुसार आपोआप लागतं. गूगलच्या पिक्सेल फोनवर फोन पालथा ठेवला की डीएनडी लागतं असं सेटिंग आहे, आणि माझ्या मते याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. सॅमसंगवर पालथं ठेवल्यावर फक्त वाजत असलेला कॉल किंवा अलार्म गप्प होतो, डीएनडी लागत नाही, यात गफलत करू नका.

सगळंच बंद करून टाकलं तर?

करून बघा, पण बऱ्याच जणांना ते झेपत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात काही लोकांना नोटिफिकेशन्स दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा दिली आणि काहींची पूर्ण बंद केली. एकगठ्ठावाल्यांना जास्त शांत वाटलं, फोन आपल्या ताब्यात आहे असं वाटलं, आणि पूर्ण बंदवाल्यांना काहीतरी सुटतंय अशी धाकधूक वाढली. मला हे पटतं. काही येतच नाही म्हटलं की आपण स्वतःच दर पाच मिनिटांनी उघडून बघायला लागतो.

आयफोनवर याच्यासाठी शेड्यूल्ड समरी आहे, नोटिफिकेशन्समध्येच सापडेल. बातम्या, सोशल मीडिया, शॉपिंग सगळं त्यात टाका आणि दोनतीन वेळा ठरवून द्या. फोन आणि थेट मेसेज नेहमीसारखे लगेच येतात. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्येही असा दिवसातून एकदाचा डायजेस्ट आहे. जीमेलमध्ये 'हाय प्रायॉरिटी ओन्ली' निवडलं तर महत्त्वाच्या वाटतात तेवढ्याच मेलची नोटिफिकेशन्स येतात. सगळे मेल वाजवणारे लोक कसे जगतात मला माहीत नाही.

लॅपटॉपवर कोपऱ्यात सारखं काहीतरी उगवतं, ते?

विंडोज ११ वर विंडोज की आणि एन दाबा, उघडलेल्या पट्टीत घंटेचं चिन्ह आहे, तेच डू नॉट डिस्टर्ब. विंडोज १० वर याचं नाव फोकस असिस्ट होतं. सेटिंग्ज > सिस्टिम > नोटिफिकेशन्समध्ये ठराविक वेळेत, स्क्रीन दुसरीकडे दाखवताना किंवा ॲप फुल स्क्रीन असताना आपोआप लागेल असं ठरवता येतं. त्याच पानाच्या पार तळाशी टिप्स आणि सूचना दाखवायच्या टिका असतात, त्या सगळ्या काढा. मॅकवर कंट्रोल सेंटरमध्ये फोकस आहे, आणि ऑप्शन की दाबून वरच्या घड्याळावर क्लिक केलं तरी डीएनडी लागतं.

प्रेझेंटेशन देत असाल तर मॅकच्या नोटिफिकेशन्समध्ये स्क्रीन शेअर करताना नोटिफिकेशन्स दाखवायची की नाही असं वेगळं बटण आहे. ते बंदच ठेवा, सगळ्या ऑफिससमोर घरचा मेसेज उघडा पडायला नको. आणि फोनवर बंद केलेलं ॲप लॅपटॉपवर वेगळं बंद करावं लागतं हे विसरू नका, व्हॉट्सॲप वेब असतं ना उघडं कुठल्यातरी टॅबमध्ये.

'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' अशी नोटिफिकेशन्स येतात. व्हायरस आहे का?

बहुधा नाही. कधीतरी कुठल्यातरी वेबसाइटने 'अलाऊ करा' विचारलं आणि तुम्ही घाईत हो म्हणालात, ती साइट आता ब्राउझरमार्फत हे पाठवतेय. त्यावर क्लिक करू नका. क्रोममध्ये सेटिंग्ज > साइट सेटिंग्ज > नोटिफिकेशन्समध्ये जा, परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल, ओळखीची नाही ती काढा आणि वरचं बटण असं ठेवा की यापुढे कोणतीही साइट विचारणारच नाही. अँड्रॉइडवर असं नोटिफिकेशन दाबून धरलं तर ते कोणत्या साइटकडून आलंय तेही दिसतं.

आयफोनवर असं दिसलं तर ते बहुतेक वेळा कॅलेंडरमधून येतं, चुकून एखादं भलतंच कॅलेंडर सबस्क्राइब झालेलं असतं. कॅलेंडर ॲपमध्ये खाली कॅलेंडर्सची यादी उघडा आणि ते काढून टाका.

घड्याळ घातल्यावर तर त्रास दुप्पट झालाय.

होणारच, फोन खिशात तरी राहतो, घड्याळ थेट कातडीला टोचतं. घड्याळाच्या ॲपमध्ये प्रत्येक ॲपसाठी फोनवरचं इकडे दाखवायचं की नाही ते ठरवता येतं. मी कॉल, कॅलेंडर आणि दोनच मेसेजिंग ॲप्स ठेवते, बाकी सगळी बंद. ॲपल वॉचवर फोन लॉक असेल तर नोटिफिकेशन मनगटावर येतं आणि फोन उघडा असेल तर फोनवर, त्यामुळे दोन्हीकडे एकदम वाजत असेल तर कुठेतरी सेटिंग बिघडलंय असं समजा.

ऑफिसचे मेसेज सुट्टीच्या दिवशीही येतात.

ऑफिसच्या चॅटसाठी स्लॅक वापरत असाल तर त्यात नोटिफिकेशनचं वेळापत्रक लावता येतं, टीम्सच्या मोबाइल ॲपमध्ये क्वाएट टाइम आहे, तास आणि वार दोन्ही ठरवता येतात. अँड्रॉइडवर कंपनीने वर्क प्रोफाइल, म्हणजे कामाच्या ॲप्सचा वेगळा कप्पा, दिलं असेल तर वरून पट्टी ओढून एका बटणात सगळी कामाची ॲप्स झोपवता येतात. साहेब रागावतील का हा प्रश्न सेटिंग्जमध्ये सुटत नाही. पण एवढं सुचवते की ऑफिसात सांगून टाका, खरंच पेटलं असेल तर फोन करा. फोन करायला लोक मेसेजपेक्षा दहादा विचार करतात.

ॲप टाइमर लावला तर उपयोग होतो?

थोडा. 'आणखी १५ मिनिटं' हे बटण समोर असतं आणि ते दाबायला कोणाला लाज वाटत नाही. त्यापेक्षा ॲप होम स्क्रीनवरून काढणं, लॉग आउट करून ठेवणं किंवा ब्राउझरमधूनच वापरणं जास्त चालतं. यूट्यूबपुरता एक जालीम उपाय आहे, वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाका, होम पेजवरच्या शिफारशीच जवळजवळ गायब होतात. मग जे बघायला आलात ते शोधून बघायचं आणि निघायचं.

एवढं सगळं केलं तरी काही दिवसांनी परत पहिल्यासारखं होतं.

कारण नवीन ॲप्स येत राहतात आणि जुनी अपडेटमध्ये नवीन कॅटेगरी घुसवतात, ती अर्थातच चालू असते. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲपला नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, आयफोनवर तर आधीपासूनच मागावी लागते. तिथे डोळे झाकून 'नाही' म्हणायची सवय लावा. गरज पडली तर नंतर चालू करता येतं. हो म्हणून मग बंद करायला मात्र कोणी जात नाही.

आईबाबांच्या फोनवर हे करून देऊ का?

द्या, पण त्यांच्यासमोर बसून आणि विचारून. त्यांना कुठलं नोटिफिकेशन आवडतं हे आपल्याला माहीत नसतं, तुम्हाला कचरा वाटणारा ग्रुप त्यांचा दिवसभराचा विरंगुळा असू शकतो. ब्राउझरवाली फसवी नोटिफिकेशन्स, गेम्स आणि कर्जाच्या ऑफर्स बिनधास्त काढा. डीएनडीचं वेळापत्रक मात्र त्यांच्या फोनवर लावू नका, लावलंच तर ते कसं काढायचं हे त्यांच्या हाताने दोनदा करून घ्या. आणि आपत्कालीन इशाऱ्यांची जी सेटिंग्ज असतात त्यांना हात लावू नका, ना त्यांच्या फोनवर, ना तुमच्या.

नोटिफिकेशन्स कमी केली की बॅटरी वाढते का?

किंचित. नोटिफिकेशनसाठी प्रत्येक ॲप स्वतंत्र जागं राहत नाही. आयफोनवर २००९ पासून ॲपलच्या पुश सेवेमार्फत एकाच जोडणीवरून सगळं येतं आणि अँड्रॉइडवरही गूगलची तशीच सेवा आहे. बॅटरी खाते ती दर वेळी उजळणारी स्क्रीन, आणि त्याहून जास्त, त्या निमित्ताने फोन उचलून पुढे आपण जे बघत बसतो ते.

चुकून एक महत्त्वाचं नोटिफिकेशन उडवलं, परत मिळेल?

अँड्रॉइड ११ पासून नोटिफिकेशन हिस्टरी आहे, सेटिंग्ज > नोटिफिकेशन्समध्ये. गेल्या २४ तासांतली सगळी त्यात दिसतात, उडवलेलीसुद्धा. पण ती आधी चालू केलेली असली पाहिजे, मागची काही परत येत नाहीत, त्यामुळे आत्ताच जाऊन चालू करून ठेवा. आयफोनवर अशी सोय नाही, तिथे उडवलेलं गेलं, ज्या ॲपचं होतं ते उघडून शोधा.